तुरीचे मार्कर आणि चाळणीचा वाद : पार्श्वभूमी

बदनापूर-परभणी भागात तुरीच्या मर रोगावरचं काम पूर्वी डोळ्यांनी व्हायचं. रोगट प्लॉटमध्ये वाण पेरायचे, वाळलेल्या झाडाचं खोड उभं चिरून आतले काळपट पट्टे बघायचे, तगलेलं झाड उचलायचं. २०११-१२ मध्ये तुरीच्या जनुकसंचाचा आराखडा जाहीर झाला आणि चित्र पालटलं. हाताशी वाण शे-दोनशे, पण प्रत्येकाचे डीएनए मार्कर, म्हणजे वाणावाणांत फरक दाखवणाऱ्या डीएनएवरच्या खुणा, हजारोंनी.

अनेक गुणधर्म एकत्र तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी १९३१ पासून आहे. १९३६ मध्ये कोलकात्यातून त्याच धाटणीचं, दोन गटांमधलं अंतर मोजणारं मापही आलं. पण नमुने कमी आणि गुणधर्म जास्त झाले की त्यांचं गणितच अडतं. म्हणून मार्कर एकेक करून तपासायची पद्धत रूढ झाली, आणि खरा वाद इथूनच सुरू होतो.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने वर्गात उदाहरण दिलं होतं : २५० चाचण्या केल्या, ५ टक्के पातळीवर (म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरात पाच निघतील अशा कसोटीवर) ११ 'लक्षणीय' निघाल्या. संशोधक खूश. पण काहीही खरं नसतं तरी साधारण १२.५ निघाल्याच असत्या! यावरचा कडक उपाय म्हणजे ०.०५ ला (त्याच ५ टक्क्यांना) चाचण्यांच्या संख्येने भागायचं. दहा लाख चाचण्यांना ही मर्यादा ०.०००००००५ होते, मानवी जनुकांच्या अभ्यासात हाच आकडा रुळला. एकही खोटा मार्कर नको असेल तर हे योग्यच. पण प्रतिकारशक्ती पुष्कळ लहान-लहान जनुकांत विखुरलेली असेल तर ही चाळणी खोट्याबरोबर खरंही फेकून देते. शे-दोनशे वाणांच्या चाचणीला हा तोटा परवडणारा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९९५ च्या पद्धतीने सौदा बदलला : निवडलेल्यांत खोट्यांचं प्रमाण सरासरी ठरवलेल्या मर्यादेत, समजा १० टक्क्यांच्या आत, ठेवायचं. म्हणजे ४० मार्कर निवडले तर चारेक फुकट जाणार हे धरूनच चालायचं. २००४ मध्ये १९७६ चीच कल्पना पुढे नेऊन 'हायर क्रिटिसिझम' ही कसोटी मांडली गेली. अपेक्षेपेक्षा जास्त चाचण्या लक्षणीय ठरल्या का, हे ती एकाच पातळीवर न बघता अनेक पातळ्यांवर बघते आणि सर्वांत मोठी तफावत धरते. कोणताही एक मार्कर ओळखता येत नाही, तरीही 'इथे काहीतरी आहे' असं म्हणता येतं, अशी मधली स्थिती असते हे गणिताने सिद्ध झालं आहे. आपल्याकडे हा पहिला प्रश्न वगळून थेट मार्करची यादी मागितली जाते, हे खटकतं.

पुढची अडचण शेजारच्या मार्करची. ते जोडीने वारशात येतात, त्यामुळे चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत. त्यावर रोगाच्या नोंदी वाणांमध्ये हजारदा उलटसुलट वाटून तीच कसोटी पुन्हा लावतात आणि खरा निकाल त्या निकालांशी ताडून बघतात. मार्करची आपसातली जोडणी तशीच राहते. मात्र वाण वेगवेगळ्या घराण्यांतले असतील तर ही अदलाबदल प्रत्येक घराण्याच्या आतच करावी लागते.