घरसंरक्षणासाठी बंदुकीची निवड (नाशिक)

राहते घर आणि घरातली माणसे यांच्या रक्षणासाठी परवान्यावर अग्निशस्त्र घेताना करायची निवड. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात ही निवड दुकानात जाण्याआधीच बरीचशी ठरलेली असते: कायदा कशाला परवानगी देतो, घर कसे आहे, आणि रात्री ते शस्त्र कोणत्या कुलपात राहणार. शस्त्राची ताकद आणि किंमत यांचा विचार त्यानंतर येतो.

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, परवान्याने मिळणारी मुभा आहे. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीय माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले. तो कायदा जारी असतानाच २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. ते पिस्तूल लंडनहून चोरवाटेने आलेले होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. कमरेला लपवता येणाऱ्या आखूड शस्त्राबद्दलची सावधगिरी नव्या कायद्यातही दिसते. त्याच्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुकीचा, म्हणजे साध्या बारा बोअरचा (बोअर हे नळीच्या आतल्या रुंदीचे माप), स्वतंत्र उल्लेख आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा रायफल हवी असेल तर ‘सबळ कारण’ आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. बहुतेक अर्जदार रिव्हॉल्व्हर मनात धरून जातात, आणि कायद्याचा कल बारा बोअरच्या दुनळीकडे असतो.

नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला अशा ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अर्जदाराची पोलीस चौकशी होते, धोका नेमका काय आहे ते सांगावे लागते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते. नुसते ‘घरात एक असावी’ हे कारण पुरत नाही. रोख घेऊन फिरणारा कांदा व्यापारी, सराफ, मळ्यात एकटे राहणारे कुटुंब, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस यांची गरज समजून घेता येते, तरी परवाना मिळेलच असे नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने मात्र अर्ज फेटाळता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते; सामान्य नागरिकाने ते मनातून काढून टाकावे.

उरलेल्या शस्त्रांत बारा बोअरची दुनळी सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी. बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर नाशिककर जी बंदूक रोज पाहतात, ती हीच. वरची खिट्टी अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या खाली झुकतात आणि दोन्ही काडतुसांची पितळी बुडे समोर दिसतात. भरलेली आहे की रिकामी, हे अंधुक उजेडातही आणि बोट लावूनही कळते. घरातल्या शस्त्राला याहून मोठा गुण नाही. काडतुसे बहुधा पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, ‘शक्तिमान’ नावाची असतात: पाखरांसाठी बारीक छऱ्यांची, मोठ्या जनावरासाठी एलजी आणि एसजी या जाड छऱ्यांची. बारा बोअरला नेम लागत नाही, नळी त्या दिशेने केली की पुरे, हा समज घातक आहे. खोलीच्या लांबीत छरे फार तर पंजाएवढ्या जागेत पसरतात. नेम धरावाच लागतो. वजन साधारण तीन किलो आणि नळी लांब, त्यामुळे फ्लॅटच्या बोळातून वळताना ती अडते. उडताना खांद्याला बसणारा धक्का हलक्या बांध्याच्या माणसाला सोसत नाही, म्हणून घरातल्या ज्या व्यक्तीला ती वापरावी लागेल तिने सराव करून बघितल्याशिवाय ती घेऊ नये. एका वेळी जास्त काडतुसे राहणाऱ्या पंप अ‍ॅक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरण्याच्या) बंदुकाही मिळतात. त्यांना सराव जास्त लागतो आणि नळीत काडतूस उरले आहे का, हे दुनळीइतके उघड दिसत नाही.

रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुतेक वेळा सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे. सहा गोळ्या, मोडतोड कमी, आणि ते उघडले की चक्रातली सहाही घरे दिसतात. गोळीची ताकद बेताची. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांचे शस्त्र म्हणून बाजारात आणले. वजन घटले तरी आखूड नळीने नेम साधण्याची अडचण तीच राहते. घाबरलेल्या हाताने आखूड नळीचे शस्त्र चार-पाच पावलांवरूनही चुकते, आणि सराव नसलेल्या माणसासाठी तर ते बंदुकीपेक्षा अवघड आहे. पिस्तुलात आणखी एक धोका आहे: मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढले तरी नळीत एक गोळी राहू शकते. स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे ओढून आत बोटाने तपासेपर्यंत पिस्तूल भरलेलेच समजावे. ही सवय अंगवळणी पडली नसेल त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. .३१५ ची रायफल घरासाठी घेऊच नये. तिची गोळी भिंती आणि वस्ती ओलांडून लांब जाते. वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या .१७७ एअरगनला परवाना लागत नाही, पण दरोडेखोरापुढे तिचा उपयोग नाही. उलट ती खरी बंदूक समजून समोरचा माणूस आधी वार करील.

घर पाहून निवड बदलते. सिडको किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दाराच्या फळीतून आणि खिडकीच्या काचेतून गेलेला जाड छर्रा किंवा गोळी समोरच्या बिऱ्हाडात पोचते. शेजारी इतके जवळ असताना मजबूत जाळीचे दार, आतली कडी, जिन्यातला दिवा आणि ११२ या क्रमांकावर केलेला फोन हे शस्त्रापेक्षा जास्त कामाचे ठरतात. पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यातल्या वस्तीवर गोष्ट वेगळी. तिथे जवळचे घर दोन-तीन शेते पलीकडे असते, पोलिसांची गाडी यायला वेळ लागतो, रात्री वीज जाते. तिथली दुनळीची मागणी समजण्यासारखी आहे. तरीही ज्या वस्तीवर कुत्रे, अंगणात दिवे आणि शेजाऱ्यांचा फोनगट आहे, तिथे चोर आधीच बिचकतो.

मळ्यातल्या माणसाच्या मनात चोराइतकाच बिबट्या असतो. निफाड आणि सिन्नरच्या उसात बिबटे राहतात, पिलेही तिथेच वाढवतात. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे गंभीर गुन्हा. कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेल्या कृतीला सूट आहे, पण गोठ्यातली शेळी वाचवण्यासाठी झाडलेली गोळी त्यात बसत नाही. जखमी बिबट्या तर वस्तीला दुप्पट धोकादायक. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आणि बंदिस्त गोठा हेच इथले खरे उपाय, आणि बिबट्यासाठी म्हणून बंदूक निवडणे चुकीचे आहे.

या साऱ्यात सर्वांत कठीण प्रश्न कुलपाचा. कपाटात बंद, काडतुसे वेगळ्या खणात, किल्ल्या दोन ठिकाणी अशी ठेवलेली बंदूक झोपेतून उठलेल्या माणसाच्या हाती वेळेत येत नाही. उशाखाली भरलेले रिव्हॉल्व्हर वेळेत हाती येते, पण ते मुलाच्याही हाती येते, भांडणाच्या भरात नवऱ्याच्याही, आणि खचलेल्या माणसाच्याही. शाळकरी मूल, दारूचे व्यसन किंवा मनाने खचलेले कुणी घरात असेल तर शस्त्र न घेणे हीच योग्य निवड. घ्यायचेच असेल तर भिंतीत पक्के बसवलेले, आकड्यांच्या कुलपाचे पोलादी कपाट आधी घ्यावे आणि ते बंदुकीच्या खर्चातच धरावे. आकडे फक्त परवानाधारकाला ठाऊक असावेत. बंदूक दिवाणखान्यात टांगण्याची जुन्या वाड्यांतली हौस आता परवडणारी नाही, कारण चोर आधी तीच उचलतो.

शस्त्र कधी झाडता येते, हे ते घेण्याआधी समजून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, किंवा जिवाची वा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी घुसखोरी यांत हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा अधिकार पोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर अधिकारच उरत नाही. कुंपण ओलांडून पळणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घालणारा स्वतः आरोपी होतो. वरातीत किंवा हळदीत हवेत बार काढणे हाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

परवान्याला लागणारा वेळ पाहून काही जण गावठी कट्ट्याकडे वळतात. त्याची नळी कुठल्याशा पाइपाची, सेफ्टी नाही, हातातून पडला तरी उडतो, आणि कधी झाडणाऱ्याच्याच हातात फुटतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे. घरच्यांना वाचवायला आणलेली वस्तू घरच्या कर्त्यालाच तुरुंगात नेते.

जुन्या नाशकातल्या आणि तालुक्यांतल्या कित्येक घरांत ही निवड आजोबांनीच केलेली असते. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारक वारल्यावर, किंवा तो हयात असताना सत्तर वर्षांचा झाल्यावर वा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ती घरात तशीच राहू दिली तर वारस बेकायदा शस्त्र बाळगणारा ठरतो. निवडणुकीच्या काळातही पोलिसांची नोटीस आल्यावर शस्त्र जमा करावे लागते. वारसाने मिळालेली दुनळी वापरात आणण्यापूर्वी जाणत्या बंदूक कारागिराकडून नळ्या आणि सांधे तपासून घ्यावेत. अनेक जुन्या बंदुकांची काडतुसाची खोबण ६५ मिलिमीटरची असते. तीत ७० मिलिमीटरचे काडतूस बसलेले दिसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही आणि नळीतला दाब धोक्याच्या पुढे जातो.