कान कुणाचा: जहाजावरच्या संकटकालीन रेडिओ-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात जिन्याच्या वळणावर एक पितळी घड्याळ आहे. अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेलं, मोडीत निघालेल्या एका मालवाहू जहाजाच्या रेडिओरूममधलं. त्याच्या तबकडीवर दोन लाल फाका रंगवल्या आहेत, पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत एक आणि पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत दुसरी. तासाला आणि अर्ध्या तासाला तशाच दोन हिरव्या. अगदी कडेला सेकंदांच्या वर्तुळावर लाल तुकडे आहेत, प्रत्येक चार सेकंदांचा, मध्ये एका सेकंदाची फट. जीओसीच्या, म्हणजे जहाजावरचा रेडिओ चालवायच्या जनरल ऑपरेटर प्रमाणपत्राच्या, कोर्ससाठी मुंबईला निघालेली बडोद्याची काही मुलं आधी माझ्याकडे उजळणीला येतात. त्यांचा पहिला प्रश्न या घड्याळाबद्दल असतो. त्यांच्या अभ्यासक्रमात त्याचा पत्ता नाही, आणि ते प्रमाणपत्र का निघालं हे मात्र या तबकडीशिवाय सांगता येत नाही.

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. ओखामंडळ गायकवाडांचं, आणि ओखा बंदर संस्थानानेच बांधून १९२६ मध्ये सुरू केलं. त्या किनाऱ्यावरची ‘वीजळी’ची गोष्ट इथल्या गुजराती शेजाऱ्यांच्या घरात अजून सांगतात. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघालेली ती आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो माणसांसह नाहीशी झाली. हाक मारायचं साधनच तेव्हा नव्हतं. मराठी घरांत ‘रामदास’ची आठवण निघते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वायरलेस निघून तोवर अर्धं शतक झालं होतं, पण या बोटीवर तो नव्हता. मुंबईला बातमी कळली ती जिवंत किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून.

‘टायटॅनिक’बद्दल नव्याने काही सांगायला नको. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातला एकच मुद्दा धरायचा: हाक गेली होती, पण जवळच्याच एका जहाजावरचा एकुलता एक ऑपरेटर थोड्याच वेळापूर्वी यंत्र बंद करून झोपला होता. म्हणून जहाजांच्या सुरक्षेच्या १९१४ च्या करारापासून भर पाठवण्यावर जितका होता, तितकाच ऐकण्यावर आला. मोर्समधल्या हाकेसाठी ठरलेल्या पाचशे किलोहर्ट्झवर चोवीस तास कान हवा. घड्याळातल्या लाल फाका त्यासाठीच आहेत. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, सगळ्या जहाजांनी आपापलं बोलणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं, म्हणजे कुणाची क्षीण हाक असली तरी गलक्यात बुडू नये. हिरव्या फाका एकवीसशे ब्याऐंशी किलोहर्ट्झच्या, बोलण्याच्या वारंवारतेसाठी. कडेचे लाल तुकडे ऑटो-अलार्मचे. चार सेकंदांचे लांब डॅश, असे बारा ओळीने पाठवले की दुसऱ्या जहाजावरचं यंत्र ते ओळखून झोपलेल्या ऑपरेटरला घंटा वाजवून उठवायचं. माणसाच्या कानाचं काम यंत्राकडे गेलं ते इथे पहिल्यांदा, १९२० च्या दशकात. पण उठायचा तो शिकलेला माणूसच.

हा माणूस म्हणजे रेडिओ ऑफिसर. आपल्या खलाशांच्या बोलीत मार्कोनी साब. सोळाशे टनांवरच्या मालवाहू जहाजावर आणि प्रत्येक प्रवासी जहाजावर तो सक्तीचा होता. महिनोन्महिने मोर्सवर हात आणि कान बसवायचा, पाच अक्षरांचे सोळा गट मिनिटाला बिनचूक लिहून काढायचे, शिवाय व्हॉल्व्हपासून अँटेनापर्यंत सगळं उघडून दुरुस्त करायला शिकायचं. सेकंड क्लासचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मुलाचं मिसरूड फुटलेलं असायचं, असं जुने लोक म्हणत. बडोद्यातूनही मुलं या वाटेने गेली. ज्या शहरात १८९० पासून कलाभवन आहे, तिथे हाताने यंत्र समजून घेण्याचं कौतुक होतंच.

यानंतरचं मी स्वतः पाहिलं, त्यामुळे मी इथे जास्त रेंगाळणार आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. जहाजांसाठी उपग्रह-दळणवळणाची आंतरराष्ट्रीय संस्था १९७९ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी शोध आणि बचावाचा करार झाला, म्हणजे कुठल्या समुद्राची जबाबदारी कुठल्या देशाची हे ठरवायची सोय झाली. आणि चार देशांनी मिळून संकट-बिकनचे, म्हणजे संकटात जहाजाची जागा कळवणाऱ्या छोट्या यंत्राचे, सिग्नल उपग्रहावरून पकडण्याची योजना आखली. तिच्यामुळे १९८२ मध्ये पहिल्यांदा माणसं वाचली. यातून एक वेगळाच विचार पुढे आला. तोवर जहाज हाक मारायचं ते शेजारच्या जहाजाला. आता हाक थेट किनाऱ्यावर जावी आणि तिथून बचाव हलावा. नोव्हेंबर १९८८ मध्ये जीएमडीएसएसचे, म्हणजे समुद्रावरच्या संकट-संपर्काच्या या नव्या जागतिक व्यवस्थेचे, नियम मंजूर झाले आणि १ फेब्रुवारी १९९२ ला लागू झाले. धोक्याच्या आणि हवामानाच्या सूचना छापून देणारं नेव्हटेक्स आणि उपग्रह-ईपर्ब, म्हणजे तेच संकट-बिकन, १ ऑगस्ट १९९३ पासून सक्तीचे झाले. १ फेब्रुवारी १९९९ ला तीनशे टन आणि त्यावरची आंतरराष्ट्रीय फेरीची सगळी मालवाहू जहाजं आणि सगळी प्रवासी जहाजं नव्या व्यवस्थेत आलेली असायची होती. आपल्याकडे पुण्याजवळ आर्वीला जहाजांसाठीचं उपग्रह-केंद्र झालं, आणि बिकनचे सिग्नल घ्यायला बेंगळुरू व लखनौला केंद्रं उभी राहिली.

खरा वाद झाला तो १९८८ मध्येच, आणि दिसायला किरकोळ वाटणाऱ्या एका कलमावरून. जहाजावरचं रेडिओ-यंत्र बिघडलं तर काय? नियमाने तीन मार्ग दिले. एक, यंत्रं दुहेरी ठेवा. दोन, बंदरातल्या तंत्रज्ञाशी दुरुस्तीचा करार करा. तीन, समुद्रातच दुरुस्ती करू शकणारा माणूस जहाजावर ठेवा. किनाऱ्यालगतच्या ए-वन आणि ए-टू क्षेत्रांत यातला कोणताही एक मार्ग पुरे. खोल समुद्रातल्या ए-थ्री आणि ध्रुवांकडच्या ए-फोरमध्ये किमान दोन. आता हिशेब करून पाहा. पहिला आणि दुसरा मार्ग घेतला की अट पूर्ण होते आणि तिसऱ्या मार्गातल्या माणसाची गरज उरत नाही. कलमात कुठेही रेडिओ ऑफिसर काढून टाका असं लिहिलेलं नाही. पण जादा यंत्र एकदाच विकत घ्यायचं असतं आणि माणसाचा पगार दर महिन्याला, तेव्हा मालकांनी काय निवडलं असेल हे उघड आहे. दुरुस्तीसाठी रेडिओ-इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रांच्या दोन श्रेणी कागदावर होत्या, अजून आहेत. त्या घेऊन जहाजावर जाणारे फार थोडे निघाले.

मालकांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. एकट्या माणसाचे आठ तास संपले की उरलेले सोळा तास जहाज ऑटो-अलार्मच्या भरवशावर असायचं. ऑटो-अलार्म हवेतल्या खडखडाटाने फसायचा. मध्य महासागरात पाचशे किलोहर्ट्झची हाक कुणाच्याही कानी न पडण्याची शक्यता होती, आणि उपग्रहाने ती जवळजवळ संपवली. डिजिटल कॉल आला की रिसीव्हर कुठल्याही वेळी ओरडतो, त्याला झोप लागत नाही. जहाज बुडताना रेडिओरूमपर्यंत धावत जाण्यापेक्षा ब्रिजवरच बटण असणं केव्हाही चांगलं. हे सगळं मला पटतं. जे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही ते असं की यंत्रं आणायला अकरा वर्षांचं वेळापत्रक आखलं आणि ज्यांच्या हाती ती द्यायची त्यांना थोड्या दिवसांच्या कोर्सवर सोडलं. रेडिओ ऑफिसर ऐकायचं म्हणजे काय करायचा, ते नव्या अभ्यासक्रमात उतरवून घ्यायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या प्रमाणपत्रातून मोर्स आणि दुरुस्ती वजा केली आणि उरलेल्याला जनरल ऑपरेटर हे नाव दिलं.

१९९७ मध्ये मी एका जहाजावर थर्ड ऑफिसर, म्हणजे छोटा मालिम होतो. ड्रायडॉकमध्ये नवी यंत्रं बसली, बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ब्रिजवर वीसेक मिनिटं माहिती दिली आणि जाडजूड पुस्तिका खणात ठेवली. मार्कोनी साब त्याच बंदरात उतरले. जाताना त्यांनी मला हेडफोन दिला आणि म्हणाले, “बेटा, स्पीकरपे भरोसा मत करना.” तिसऱ्या रात्री माझ्या वॉचला डीएससीचा, म्हणजे त्या डिजिटल कॉलचा, अलार्म वाजला. कुठल्यातरी लांबच्या जहाजाचा संकट-इशारा दुसऱ्या जहाजाने पुढे पाठवला होता, मग तिसऱ्याने, मग तोच पुन्हा. दर दोन-चार मिनिटांनी तोच कर्कश आवाज आणि कागदावर तोच क्रमांक. कुणी पोचपावती द्यायची, कुणी गप्प बसून किनाऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची, हे आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कॅप्टन वर आले, आम्ही दोघांनी पुस्तिका चाळली. तो आवाज बंद कसा करायचा एवढंच त्या रात्री आम्ही शिकलो. मूळ जहाजाचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हता. पहिल्या काही वर्षांत किनाऱ्यावर पोचलेले बहुतेक इशारे खोटे निघत. कुणी साफसफाई करताना बटण दाबलं, कुणी चाचणीच्या नावाखाली खरा इशारा सोडला, कुणी ईपर्ब हलवताना चालू केला. त्याहून वाईट म्हणजे चूक लक्षात आल्यावर शिक्षेच्या भीतीने यंत्र बंद करून गप्प बसलं. १९९५ मध्ये खोटे इशारे टाळण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. बटणावर झाकण आलं, झाकण उचलणं आणि दाबून धरणं अशा दोन वेगळ्या क्रिया आल्या. वर्गात आता पहिल्या दिवशी शिकवतात की चुकून इशारा गेला तर यंत्र बंद करून पळायचं नाही. त्याच मार्गावर आवाजाने, नाव आणि क्रमांक सांगून, इशारा रद्द केल्याचं जाहीर करायचं. माझ्या मते अख्ख्या कोर्समधला हा सर्वांत मोलाचा तास आहे.

प्रशिक्षणाला खरं बळ मिळालं ते खलाशांच्या प्रशिक्षणाचा १९७८ चा करार १९९५ मध्ये नव्याने लिहिला गेला तेव्हा. १९९७ पासून तो लागू झाला. ब्रिजवर वॉच करणाऱ्या अधिकाऱ्याला रेडिओचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि नुसतं ज्ञान न तपासता काम करून दाखवण्यावर भर आला. सिम्युलेटर त्यातून आले.

आपल्याकडच्या पालकांना गोंधळात टाकणारी गोष्ट याच काळातली. जीओसीची परीक्षा घेतं दळणवळण खातं, पण जहाजावर त्या प्रमाणपत्राच्या बळावर काम करण्याची मान्यता देतं जहाजवाहतूक खातं. मुलगा पास झाला, मग पुन्हा अर्ज कशाचा? वारंवारता वापरण्याचे नियम एका आंतरराष्ट्रीय कराराचे, अधिकाऱ्याच्या पात्रतेचे दुसऱ्याचे. दोन करार, म्हणून दोन खाती, म्हणून दोन कागद.

त्यानंतर कानाचं महत्त्व हळूहळू परत आलं. मूळ आराखड्यात जवळच्या बोलण्यासाठीच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल सोळावर सतत ऐकत राहण्याची सक्ती काही काळाने संपणार होती. ती मुदत वाढत गेली आणि २००२ मध्ये ऐकणं पुढेही चालूच ठेवायचं ठरलं. छोट्या होड्यांकडे डीएससी नव्हतं, त्यांची हाक ऐकणार कोण, हे साधं कारण. गुजरातच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या ताफ्यांमधून जहाज नेलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही. त्याच प्रशिक्षण-कराराच्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरची पात्रता ठरवून दिली, आणि ब्रिजवरची व संपर्काची यंत्रं दुरुस्त ठेवणं हे त्याच्या कामात आलं. १९८८ मध्ये दारातून बाहेर पाठवलेलं कसब बावीस वर्षांनी दुसऱ्या नावाने आत घ्यावं लागलं.

अलीकडचे बदल झपाट्याने झाले. २०१८ मध्ये दुसऱ्या एका उपग्रह-जाळ्याला मान्यता मिळाली, आणि त्याचे उपग्रह ध्रुवांवरूनही जातात. त्यामुळे ‘ए-थ्री म्हणजे सत्तर अंश उत्तर ते सत्तर अंश दक्षिण’ ही पाठ केलेली व्याख्या सैल झाली. १ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांत ए-थ्री जहाजावर बसवलेली सेवा जिथवर पोचते तिथवर धरतात, म्हणजे शेजारच्या दोन जहाजांचं ए-थ्री वेगळं असू शकतं. जुन्या वह्यांवरून अभ्यास करणारी मुलं नेमकी इथे अडखळतात. लिखित मजकूर पाठवायच्या रेडिओ-टेलेक्सचं प्रकरणही बहुतेक जहाजांपुरतं गेलं. नव्या ईपर्बमध्ये ओळख आणि जागा आपोआप कळवणारं एआयएस आलं, त्यामुळे जवळची जहाजं तो थेट पडद्यावर पाहू शकतात.

गेल्या महिन्यात रावपुऱ्यातला एक मुलगा आला होता. व्याख्या तोंडपाठ, वारंवारता तोंडपाठ. मी म्हटलं, जहाजाला आग लागली आहे, बटण दाबून झालं, आता बोल. तो गप्प. बटण दाबलं की काम झालं अशी त्याची समजूत होती. मग त्याच्या आईने कागद हातात घेतला आणि दोघं गॅलरीत बसले. मेडे तीनदा, जहाजाचं नाव तीनदा, कॉलसाइन, नऊ आकडी क्रमांक, जागा, काय झालं, काय हवंय, माणसं किती. पहिल्या खेपेला तो घाईत जागाच विसरला. आई म्हणाली, “अरे, कुठे आहेस ते तर सांग, येणारा येईल कुठे?” सातव्या खेपेला सगळं ओळीने आलं. मग मी त्याला मार्कोनी साबांचा हेडफोन दिला, रेकॉर्ड केलेली खरखर लावली आणि त्यातून उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. तीन मिनिटं तो मान खाली घालून ऐकत होता.