बेंझोएटची पुडी आणि यीस्टचा प्रोटॉन पंप

एप्रिल लागला की इंदूरच्या मराठी घरांत लिंबाचं, गुलाबाचं, वाळ्याचं सरबत बाटल्यांत भरून ठेवायची घाई सुरू होते. सियागंजच्या बाजारातून साखर येते, सायट्रिक ॲसिड येतं, सोडियम बेंझोएटची पुडी येते. पुष्कळांची समजूत अशी की टिकवायचं काम बेंझोएट करतं आणि सायट्रिक ॲसिड नुसतं चवीला. मग गुलाबाच्या सरबताला आंबटपणा नको म्हणून ते वगळलं जातं, बेंझोएट मात्र हात सैल सोडून पडतं. तरीही सरबत फसफसतं, बूच उडतं. अशा वेळी बेंझोएट कमी पडलेलं नसतं, ते सरबत फसफसवणाऱ्या यीस्टच्या पेशीत पुरेसं शिरलेलंच नसतं.

यीस्टच्या पेशीपटलात पीएमए-1 नावाचं प्रथिन असतं. 918 अमिनो आम्लांची ही साखळी पटलातून दहा वेळा आरपार जाते. ती एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्चून एक प्रोटॉन (आम्लातला धनभारित हायड्रोजन) बाहेर टाकते. एटीपीचा फॉस्फेट साखळीतल्या 378व्या जागेवरच्या ॲस्पार्टिक आम्लाला चिकटतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि 730व्या जागेवरच्या ॲस्पार्टिक आम्लाने धरून ठेवलेला प्रोटॉन बाहेरच्या बाजूला सुटतो. फॉस्फेट गळाला की प्रथिन पुन्हा आत तोंड करतं. बाहेरचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आंबट) 3 ते 4 असतानाही पेशीतला सामू 7च्या आसपास राहतो, तो या पंपामुळे. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येताना अमिनो आम्लं आणि फॉस्फेट सोबत ओढून आणतात. प्राण्यांच्या पेशीत अशी ओढ सोडियमची असते. पीएमए-1चं जनुक काढून टाकलं तर यीस्ट जगत नाही.

  

आता बेंझोइक आम्ल, म्हणजे बेंझोएटला प्रोटॉन जोडला की होणारा रेणू. त्याचा पीकेए 4.2. म्हणजे सामू 4.2 असेल तर निम्मे रेणू अखंड असतात आणि निम्म्यांचा प्रोटॉन सुटलेला असतो. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पटलातून सहज आत झिरपतो. भारित बेंझोएट जवळजवळ बाहेरच अडतं. सामू 3.2 असेल तर 91 टक्के रेणू अखंड, 5.2 असेल तर जेमतेम 9 टक्के. आंबटपणा न घालता तोच परिणाम हवा तर बेंझोएट दहापट लागेल.

आत शिरलेल्या रेणूला 7चा सामू भेटतो. तो तिथे लगेच प्रोटॉन सोडतो आणि उरलेलं भारित बेंझोएट आतच अडकतं. पंप तो प्रोटॉन बाहेर टाकतो, आतला सामू पुन्हा वर जातो, आणि नेमकं त्यामुळेच पुढच्या रेणूंना आत येऊन फुटायला वाव मिळतो. पंप जितका नेटाने चालेल तितकं बेंझोएट आत साचतं. गणिताने पाहिलं तर बाहेर 3.2 आणि आत 7 असताना आतलं प्रमाण बाहेरच्या पाचशेपटींच्या वर जाऊ शकतं. गळक्या नावेतलं पाणी उपसावं आणि उपसण्यानेच भोक मोठं व्हावं, तसं हे आहे. आंबवताना ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी मिळतात दोनच, म्हणजे दोन प्रोटॉनपुरते. पंप मागे पडला आणि सामू उतरला की साखर फोडणारं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर मंदावतं, मग एटीपीही आटतं. यीस्टची वाढ थांबते ती इथे.

म्हणून आधी सामू पट्टीने पाहावा आणि सायट्रिक ॲसिड घालून तो साडेतीनच्या खाली आणावा. बेंझोएट पुडीवरच्या प्रमाणातच घ्यावं, थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावं आणि सरबत ढवळत ढवळत ते पाणी त्यात बारीक धारेने सोडावं. कोरडी पूड आंबट सरबतात टाकली तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण वेगळे होतात, कारण ते खोलीच्या तापमानाच्या पाण्यात लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅमच विरघळतं. आंबटपणा मारायला मागाहून चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर सामू वर जातो आणि बेंझोएटचं काम तिथेच थांबतं.

फसफसायला लागलेल्या सरबतात बेंझोएट ओतून उपयोग नाही. तोवर पेशींची संख्या फार वाढलेली असते. शिवाय अशा आम्लांचा मारा झाला की यीस्ट पीडीआर-12 नावाचं दुसरं प्रथिन बनवून बेंझोएट बाहेर फेकायला शिकतं. झायगोसॅकरोमायसिस बेली हे यीस्ट तर भरपूर साखर, आंबटपणा आणि बेंझोएट तिन्ही सोसून वाढतं. ते बाटलीत शिरलं असेल तर ते सरबत टाकून द्यावं आणि बाटल्या व बुचं उकळून घ्यावीत.