टेहळणी मनोरा (वणवा)

वणव्याचा धूर लवकर नजरेस पडावा म्हणून जंगलातल्या उंच जागी उभारलेला, चारही बाजूंनी मोकळा मनोरा. बोलताना त्याला सर्रास वॉचटॉवर म्हणतात. झाडाच्या आधाराने बांधलेला असला की ते मचाण. गोव्यातील अभयारण्यांतले मनोरे मुख्यतः प्राणी आणि पक्षी पाहण्यासाठी बांधले गेले. पण फेब्रुवारी उजाडला की तीच उंची धूर शोधायलाही उपयोगी पडते.

३,७०२ चौ. किमी. च्या या राज्याची पूर्वेकडची कड सह्याद्रीने व्यापलेली आहे. सत्तरीतील म्हादई अभयारण्य (२०८ चौ. किमी.), मोलेचे भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान, सांगे तालुक्यातील नेत्रावळी (२११ चौ. किमी.) आणि काणकोणमधील खोतीगाव (८६ चौ. किमी.) अशी ही रानांची माळ उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात वणवा कसा लागतो, असे बाहेरच्या माणसाला वाटते. उत्तर त्या पावसातच आहे. चार महिन्यांच्या पावसाने सड्यांवर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर) आणि डोंगरउतारांवर गवत कमरेएवढे वाढते, दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि पानगळीच्या झाडांखाली पाचोळ्याचा थर साचतो. व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) सदाहरित राने सहसा पेटत नाहीत. पेटतात ते सडे आणि पानगळीची राने. आग बहुधा जमिनीलगत सरकते, झाडांच्या शेंड्यांपर्यंत क्वचितच जाते. म्हणून ती किरकोळ वाटते, पण कोवळी रोपे, कासवे, सरडे आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या रानकोंबड्यांची घरटी याच आगीत जातात.

वणव्यांमागे बहुतेक वेळा माणसाचाच हात असतो. विझवायची राहिलेली चूल, फेकलेली विडी, मधाच्या पोळ्याखाली केलेला धूर, बागायतीत पेटवलेला पाचोळा. काजूचा हंगाम याच दिवसांत येतो; गळून पडलेले बोंडू (काजूची फळे) वेचता यावेत म्हणून झाडाखालची जागा साफ करावी लागते आणि गोळा केलेला पाचोळा जाळला जातो. तेवढ्यावरून बागायतदाराला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे. भोवतीची पट्टी खरवडून, सकाळच्या शांत हवेत, पाणी जवळ ठेवून जाळलेला ढीग कुठे जात नाही. तोच ढीग दुपारी पेटवला तर समुद्राकडून येणारा वारा त्याला उतारावरून वर ढकलतो, आणि चढावर आग माणसाच्या चालीपेक्षा वेगाने पळते. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार आणि अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे.

मनोऱ्यावरचे काम म्हणजे नुसते बसणे नव्हे. सकाळी दऱ्यांत धुके असते. ते पसरट असते, ऊन चढले की विरते. ट्रकमागे उडणारी तांबडी धूळ रस्त्याच्या रेषेने पुढे सरकते. धुराचे मूळ मात्र एका जागी असते, तो तिथूनच पुन्हापुन्हा वर येतो. ओल्या पाल्याचा धूर पांढरा आणि दाट, सुक्या गवताचा हलका, टायर किंवा डांबर जळत असेल तर काळा. धूर दिसला की दिशा पाहायची आणि खाली कळवायचे. दोन वेगळ्या ठिकाणांहून दिशा मिळाल्या तर नकाशावर त्या रेषा जिथे छेदतात तिथे आग. खरे कौशल्य त्यापुढचे आहे: तो कुठला सडा, कुठला व्हाळ, तिथे जायची पायवाट कुठून निघते. हे स्थानिक माणसालाच सांगता येते आणि माझ्या मते मनोऱ्याचे सगळे मोल या एका गोष्टीत आहे.

ही पद्धत अमेरिकेत विशेष विकसित झाली. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो व माँटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर टेहळणीच्या खोल्या वाढल्या. खोलीच्या मधोमध नकाशा लावलेली गोल तबकडी असे. विल्यम ऑस्बोर्न यांनी बनवलेल्या या उपकरणाने धुराचा कोन मोजत. वीज चमकू लागली की ती अंगातून जाऊ नये म्हणून पहारेकरी, पायांना काचेचे निरोधक बसवलेल्या स्टुलावर चढे. पश्चिम ऑस्ट्रेलियात मनोऱ्याऐवजी उंच कारी वृक्षांच्या (निलगिरीच्या एका जातीच्या) शेंड्यांवरच चौक्या बांधल्या. १९४७ चा ग्लॉस्टर वृक्ष त्यांपैकी प्रसिद्ध, खोडात ठोकलेल्या खुंट्यांवरून चढण्याचा.

आज आगीची पहिली खबर बरेचदा उपग्रह देतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या उष्ण ठिकाणांच्या सूचना वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते. मात्र उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात लागलेली लहान आग, विशेषतः दाट छायेखालची, तशीच वाढत राहते. मार्च २०२३ मध्ये म्हादई परिसरासह गोव्यात ठिकठिकाणी आगी लागल्या, तेव्हा हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या लटकवून फिरली. जमिनीवर मात्र वनरक्षक आणि गावकरी उभ्या कड्यांवर पायी चढून हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडत होते. जिथे रस्ता संपतो तिथे हिरवी डहाळी आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाचोळा बाजूला सारून मोकळी केलेली पट्टी, हीच साधने उरतात.

पाहायला जाण्यासाठी खोतीगावचे मचाण सर्वांत चांगले. पाणवठ्याकडे तोंड करून ते झाडावर सुमारे २५ मीटर उंचीवर आहे. अभयारण्याच्या नाक्यावर नोंद करून आत जायचे, चढण्याआधी शिडी चढण्याजोगी आहे का हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारायचे. एका वेळी मोजकीच माणसे चढावीत आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. वर गेल्यावर पहिली काही मिनिटे फळ्यांची हालचाल अंगाला जाणवते, मग नजर स्थिरावते. पहाट आणि संध्याकाळ जनावरांची. धूर शोधायचा तर दुपार बरी, जरी तेव्हा ऊन डोळ्यांवर येते. काडेपेटी आणि सिगारेट खालीच राहू द्यावी. धूर दिसला तर फोटो काढत न बसता दिशा आणि ओळखीची खूण लक्षात ठेवून नाक्यावर सांगावे, किंवा ११२ ला फोन करावा.

मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले की मनोरा लगेच सोडावा लागतो, कारण आसपासची सर्वांत उंच जागा तीच असते आणि वीज तिथेच पडण्याची भीती असते. जूनमध्ये पाऊस स्थिरावतो, पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि वरून धुक्याशिवाय काही दिसत नाही.