जुनी कॅरॅव्हॅन आणि ती ओढणारी गाडी : मालकी व रिस्टोरेशन (पुणे)

कॅरॅव्हॅन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली, मोटारीमागे जोडून न्यायची आणि मुक्कामी राहण्याजोगी गाडी. जुनी कॅरॅव्हॅन बाळगणारा माणूस खरे तर दोन गाड्या सांभाळतो. या दोन्ही गाड्यांचा विचार एकत्र केला तरच काम नीट होते. पुढची गाडी किती वजन ओढेल हे नंतर पाहावे. तेवढ्या वजनासकट ती उतारावर थांबेल का, हे आधी पाहावे. पुण्यातून कोकणात किंवा साताऱ्याकडे निघाले की घाट लागतो, त्यामुळे इथे या प्रश्नातून सुटका नाही.

हौशी प्रवासासाठी बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून ‘वाँडरर’चे नाव घेतले जाते. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ती 1885 मध्ये ब्रिस्टल इथे तयार झाली आणि ती घोडे ओढत असत. मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने 1919 पासून विकायला सुरुवात केली. अमेरिकेत 1936 साली एअरस्ट्रीमची ‘क्लिपर’ आली, रिबिटांनी जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची. बहुतेक जुन्या ब्रिटिश कॅरॅव्हॅन मात्र लाकडी सांगाड्यावर पत्रा किंवा हार्डबोर्ड ठोकून केलेल्या असतात. रिस्टोरेशनची, म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात आणण्याची, बहुतेक कटकट या सांगाड्यातच असते.

भारतात ओढायच्या कॅरॅव्हॅन मोठ्या संख्येने कधी बनल्या नाहीत. त्यामुळे इथे या छंदात शिरायची सोपी वाट पुढच्या गाडीकडून आहे. महिंद्रने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली; पुढे उंच बॉनेटचे सीजे-3बी हे मॉडेल आले. लष्कराने लिलावात काढलेल्या जीप आणि जबलपूरला बनलेल्या जोंगा या जीपसारख्या लष्करी गाड्याही हौशी लोकांकडे असतात. जोंगाचे सहा सिलिंडरचे 3956 सीसी पेट्रोल इंजिन ओढायला दमदार आहे, पण पेट्रोल पिते. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी त्या मानाने लहान: 2.2 लिटरचे इंजिन, 60 अश्वशक्ती, वजन साधारण 1,100 किलो. तिच्यासाठी बनलेला पाव टनी लष्करी ट्रेलर रिकामा सुमारे 250 किलो भरतो. त्याचा सांगाडा कायम ठेवून वर कापडी छप्पर आणि आत दोन फळ्यांची बिछायत केली, की सुरुवातीला उत्तम जोडी जमते.

पूर्ण कॅरॅव्हॅन घ्यायची तर पाणी कुठून शिरले आहे ते आधी शोधावे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, छताच्या कडेने जाणाऱ्या अॅल्युमिनियम पट्टीखाली आणि पुढच्या पेटीच्या मागे अंगठ्याने दाबून पाहावे. प्लाय दबला किंवा बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतले लाकूड गेलेले असते. नुसता वास आला तरी सावध व्हावे. कडेची पट्टी काढली की खाली वाळून तडकलेले जुने सीलंट (फट बुजवायचा लेप) दिसते, आणि लोखंडी स्क्रूभोवती अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी. दोन धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की अॅल्युमिनियम असे खाल्ले जाते, म्हणून नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि पट्टीखाली ब्युटाइल सीलंट सलग भरावे. वरून सिलिकॉन फासणे ही फसवी मलमपट्टी आहे. पाणी आतच कोंडते. पुण्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा पत्रा उघडायचे काम दिवाळीनंतर काढावे आणि मे संपण्याआधी गाडी बंद करावी.

लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये हवे तसे कापून मिळते, मात्र तिथे मोह आवरावा लागतो. घरातल्या फर्निचरची सवय झालेला सुतार हौसेने 18 मि.मी. प्लाय सुचवतो. आठ बाय चारचा असा एक तक्ता सुमारे 35 किलोचा, 4 मि.मी.चा तेवढाच तक्ता आठ किलोच्या आसपास. कपाटे, बाके आणि पलंग जाड प्लायचे केले, तर मूळ गाडीत दीड-दोनशे किलोंची भर सहज पडते. सागाचेही तेच. जिथे जोर येतो त्या सांध्यांत सागवान शोभते, बाकी सांगाडा हलक्या लाकडाचाच ठेवावा. जुन्या कारागिरांनी पातळ प्लाय कंजूसपणाने वापरलेला नव्हता.

वजनाबाबत ब्रिटनमधला संकेत असा, की भरलेली कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावी. विलीजच्या हिशेबाने हा आकडा 935 किलो येतो. पण तिची पुढची-मागची चाके 80 इंचांवरच आहेत आणि एवढ्या आखूड गाडीला मागचे वजन शेपटीसारखे हलवू शकते, म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते यापेक्षा बरेच खाली राहावे. जड सामान आसाच्या (अॅक्सलच्या) वर, जमिनीलगत ठेवावे आणि एकूण वजनाचा 5 ते 7 टक्के भार हूकवर येऊ द्यावा. मागे पाण्याची टाकी भरली आणि पुढे काही नाही, अशी गाडी वेग घेताच झोके खाते.

हूक जुळवणे हे स्वतंत्र काम आहे. लष्करी ट्रेलरला कडे असते आणि जीपला ते अडकवायचा, जबड्यासारखा मिटणारा पिंटल हूक. युरोपीय कॅरॅव्हॅनच्या दांड्याच्या टोकाचा कप पुढच्या गाडीवरच्या 50 मि.मी.च्या गोळ्यासाठी असतो. अमेरिकी गोळा दोन इंचाचा, म्हणजे 50.8 मि.मी. फरक एका मिलिमीटरच्याही आतला, तरी कप नीट बसत नाही आणि कुलूप अर्धवट लागते. गोळा बदलून घ्यावा. कप घासून मोठा करू नये.

जुन्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक रेट्यावर चालतात. पुढची गाडी मंदावली की मागची तिच्यावर येते, दांड्याच्या तोंडचा सरकता शाफ्ट मागे दबतो आणि सळईमार्फत ड्रममधले ब्रेक लागतात. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना हा रेटा सलग राहतो, ड्रम तापतात आणि लायनिंग (ब्रेकचा घासणारा थर) पकड सोडते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकणे हाच उपाय. रिव्हर्स घेतानाही तोच रेटा बसतो, म्हणून जुन्या गाड्यांत शाफ्ट अडवायची खिट्टी असते. कुणीतरी खाली उतरून ती लावायची आणि नंतर आठवणीने काढायची. शाफ्टचे बुश झिजले असतील तर लेथवर नवे करून घेता येतात, पुढच्या जीपच्या हायड्रॉलिक ब्रेकमधल्या व्हील सिलिंडरची रबरे मात्र नवीच हवीत. टायरचे नक्षीकाम शाबूत असले तरी वयाने रबर तडकते. बाजूवरचे शेवटचे चार आकडे बनल्याचा आठवडा आणि साल सांगतात.

सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि मंगळवार पेठ पालथी घालावी लागते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दिवे, मीटर, पितळी नळ अशा वस्तू हाती लागतात.

आत गॅस असेल तर कॅरॅव्हॅनच्या तळातली छिद्रे बुजवू नयेत. उंदीर-झुरळांच्या भीतीने ती बुजवली जातात, पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तो याच छिद्रांतून बाहेर पडतो. बारीक जाळी लावावी.

कागदपत्रांचे दोन वेगळे विषय आहेत. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातल्या दुचाकी व चारचाकी मोटारींना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई. डिझेल इंजिन बसवलेली जुनी जीप ‘मूळ रूपात’ या अटीवर अडते. कॅरॅव्हॅन या मालिकेत येत नाही. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे आणि त्याची नोंदणी स्वतंत्र करावी लागते. म्हणून सौदा करताना जीपचा चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा, आणि ट्रेलरची कागदपत्रे वेगळी मागावीत.