कुठल्या समाजाची परिषद? : थोडं मागचं

सामाजिक न्याय परिषद म्हटलं की आपल्या गोव्यात पहिला प्रश्न येतो, कुठल्या समाजाची? गावड्यांची, भंडाऱ्यांची, खारव्यांची? सगळ्यांची आहे म्हटलं की समोरचा जरा संशयानेच बघतो. आता अशाच एका परिषदेसाठी गोवा, सिंधुदुर्ग, कारवार इथल्या लोकांना एका मांडवात बसवायचं चाललंय तर हा प्रश्न मी चारदा तरी ऐकला, म्हणून म्हटलं मागचं थोडं लिहून काढूया.

घाटावर अशा परिषदा जुन्या. मार्च १९२० मध्ये कागलजवळच्या माणगावात झाली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर आणि हजर स्वतः शाहू महाराज. मग १९२७ ला महाड. आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीज. १९१० ला पोर्तुगालात राजा गेला, रिपब्लिक आलं, तेव्हा कुठे इथल्या हिंदूंना शाळा, वाचनालयं, संस्था काढायला मोकळीक मिळाली, पण ती मोकळीक फार दिवस टिकली नाही, १९२६ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि पाठोपाठ सालाझार, म्हणजे सेन्सॉर आणि सभाबंदी. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया नुसते बोलायला उभे राहिले तर पकडले, यावरून काय ते समजा. आता अशा राज्यात माणसं जमणार कुठे तर देवळात नाहीतर आपल्या जातीच्या मंडळात. देवदासी प्रथेविरुद्धचा लढा कलावंत समाजाने बराचसा एकट्यानेच लढला, गोमंतक मराठा समाज उभा केला, मुलं शिकवली. त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ ला पहिले मुख्यमंत्री झाले. प्रत्येकाचा वेगळा हॉल आणि वेगळा वर्धापनदिन ही सवय तिथली आहे असं मला वाटतं, कोणाला पटो न पटो.

एकत्र आणलं ते जमिनीने. माझी आजी मुंडकार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घर आपण बांधलेलं पण खालची जमीन भाटकाराची (जमीनदाराची), म्हणजे पावसाआधी कौलं परतायची तरी आधी भाटकाराच्या पडवीत जाऊन उभं राहायचं, आणि उभंच, बस म्हणेपर्यंत बसायचं नाही. छपरावर झुकलेला माड त्याचा, नारळ पडून कौलं फुटली तर कौलं आमची आणि नारळ त्याचा! आजी हे हसत सांगायची, आम्हाला लहानपणी त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही. मुंडकार हिंदू होते तसे ख्रिश्चनही होते, भाटकारसुद्धा दोन्हीकडचे, त्यामुळे ह्या भांडणात धर्म आडवा आला नाही.

गोवा मुक्तीनंतर १९६४ ला कूळ कायदा आला, १९७५ ला मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा, १९७६ ला कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कुळाला कसत्या जमिनीची मालकी. ही शेवटची दोन्ही मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळातली. कागदावर झकास, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबाराच) नाव चढवायला मामलेदाराकडे तारखांवर तारखा, आमची केस आजी गेल्यावर बाबांनी चालवली, पुढे मी. २०१४ ला तर ह्या केसेस मामलेदाराकडून काढून थेट सिव्हिल कोर्टात न्यायचं ठरलं, म्हणजे वकील आलाच, तेव्हा सगळ्या जातीधर्माची कुळं-मुंडकार परत रस्त्यावर आले.

तसंच समुद्रावर. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोरीच्या दोन्ही टोकांना मिळून वीस-पंचवीस माणसं तरी लागतात, पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकत ओढायचं, आणि मासळीची मग वाटणी. ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी तेच ओढून न्यायला लागले, तेव्हा सत्तरच्या दशकात रापणकार उठले, माथानी साल्ढाणा पुढे होते, आणि १९८० चा मासेमारी नियमन कायदा त्यातूनच आला. तो पाळला किती जातो हे कुठल्याही खारव्याला विचारा.

गावड्यांची गोष्ट आणखी वेगळी. एकच समाज पण त्यात हिंदू, ख्रिश्चन आणि १९२८ च्या शुद्धीत (ख्रिश्चनांना परत हिंदू करून घेण्यात) आलेले नवहिंदू असे तीन भाग, रोटीबेटी तुटलेली. त्यांना जोडलं एसटीच्या, म्हणजे अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीने. २००३ ला गावडा, कुणबी, वेळीप यादीत आले, धनगर-गवळी मात्र राहिले ते अजून बाहेरच. यादीत आल्यावर हक्क आपोआप मिळाले असंही नाही, २५ मे २०११ च्या बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुण जिवानिशी गेले. २०११ च्या जनगणनेत एसटी १,४९,२७५, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर, आणि चाळीस जागांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव एकही नाही. त्या जागांचं बिल संसदेत पास व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडलं.

तर परवा तयारीच्या मीटिंगला धनगर समाजातले एक काका आले होते, सगळ्यांच्या मागे बसले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, वनहक्काच्या दाव्याचा विषय यात घेणार काय? केरीकडच्या एका ख्रिश्चन बाईंनी खुर्ची पुढे ओढून त्यांना जागा दिली आणि पिशवीतून आपली मुंडकाराची फाईल काढली, त्या फाईलला आमच्यासारखीच लाल दोरी.