पीकिंग लाल झालं म्हणजे फोकस लागला, हे कुणी सांगितलं?

हातानं फोकस करताना कॅमेरा स्क्रीनवर कडांना रंग चढवून दाखवतो, ते पीकिंग. लग्नसराई उतरली की मला त्यावरून ठरावीक फोन येतात. "दादा, 85 एमएमची मॅन्युअल लेन्स घेतली, 1.4 अपर्चरची. डोळ्यावर पीकिंग लालभडक होतंय, तरी लॅपटॉपवर बघावं तर डोळे सॉफ्ट. लेन्स कॅलिब्रेट करावी लागंल का?" फोन बीडचा असो, परभणीचा असो की उदगीरचा, वाक्य तेच. मग मी विचारतो, मॅग्निफाय करून, म्हणजे डोळ्याचा तुकडा स्क्रीनवर मोठा करून, बघितलं होतंस का? पलीकडं जरा शांतता. मग उत्तर येतं, "पीकिंग होतं की चालू. एकच की ते!"

एकच नाही ते. या एका समजुतीपायी चांगल्याभल्या लेन्स "बोगस" ठरून निम्म्या किमतीत विकल्या गेलेल्या मी बघितल्या आहेत. त्यातली एक मीच घेतली आणि ती आजही माझ्याकडं आहे.

आधी कॅलिब्रेशनचं निकालात काढू. डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा. त्या दोघांचं जमलं नाही की कॅलिब्रेशन करावं लागायचं. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरला (डोळा लावायच्या खिडकीत) जे दिसतं ते थेट फोटोच्याच सेन्सरवरून येतं. हातानं फोकस करताना कॅलिब्रेट करण्यासारखं तिथं काही उरतच नाही.

आणखी एक. "लेन्स फास्ट आहे म्हणता, मग फोकस एवढा स्लो का?" फास्ट म्हणजे अपर्चर, लेन्समधलं उजेडाचं भोक, मोठं (1.4 सारखा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), उजेड जास्त घेते, म्हणून शटर फास्ट ठेवता येतं. फोकसचा वेग तुमच्या मनगटात. झालं.

मॅग्निफाय तुम्हाला माहीत आहे. बटण दाबलं की फ्रेमचा एक तुकडा पाचपट किंवा दहापट मोठा दिसतो, आणि फोटो काढून झाल्यावर आपण जसा झूम करून बघतो तसाच तो फोटो काढायच्या आधी बघायचा. त्यात कॅमेरा स्वतःची अक्कल लावत नाही. सेन्सरवर जे पडलंय ते दाखवतो, ठरवायचं तुमच्या डोळ्यानं.

पीकिंगमध्ये मात्र कॅमेरा अक्कल लावतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये उजेड-अंधाराचा फरक किती झपकन बदलतो ते तो तपासतो. ठरावीक हद्दीच्या वर गेला की तिथं रंग भरतो. म्हणजे तो शोधतो कडा. डोळा कुठं, नाक कुठं, तुम्हाला काय शार्प हवंय, याचा त्याला पत्ता नसतो. काळ्यावर पांढरं असं ठसठशीत काही असलं, की ते थोडं फोकसबाहेर असलं तरी त्याची कडा हद्दीच्या वरच राहते आणि रंग चढतो. उलट सावलीतली, मऊ उजेडातली गालाची त्वचा अगदी नेमक्या फोकसमध्ये असली तरी तिच्यात तेवढा फरकच नसतो, ती कोरी राहते. ऑटोफोकसचा हिरवा चौकोन बघून बघून आपल्याला सवय लागलीय की रंग दिसला म्हणजे "ओके". पीकिंगचा रंग ओके म्हणत नाही. तो म्हणतो, इथं कड आहे बुवा.

आता त्यात आकड्यांची भर घाला. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 पिक्सेल रुंद असतो. मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यात 23.6 लाख डॉटचा व्ह्यूफाइंडर असतो. लाल-हिरवा-निळा मिळून एक पिक्सेल धरला तर तो भरतो 1024 बाय 768. म्हणजे फोटोच्या रुंदीतले जवळजवळ सहा पिक्सेल तिथं एकात कोंबलेले. पापणी तीन पिक्सेलनं धूसर असली तर या आकसलेल्या चित्रात तुम्हाला ते कळणारच नाही. पीकिंगही बहुतेक कॅमेऱ्यांत अशाच लहान केलेल्या चित्रावर चालतं, त्यामुळं त्यालाही कळत नाही. पीकिंग चालू ठेवून मॅग्निफाय करून बघा, मघाशी जाडजूड असलेला रंगाचा पट्टा लगेच बारीक होतो. लेन्स तीच, फोकस तोच, फक्त आता त्याला जास्त पिक्सेल बघायला मिळाले.

आणि चुकायला जागा किती? फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा), 85 एमएम, 1.4, समोरचा माणूस दीड मीटरवर. सेन्सरवर 0.03 मिलिमीटरपर्यंतचा धूसर ठिपका चालतो, या पुस्तकी हिशोबानं शार्प दिसणारी जाडी येते अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर. हा हिशोब छोट्या प्रिंटचा. गिऱ्हाईक आजकाल फोटो शंभर टक्के उघडून पापण्या मोजतं. तिथं दोनेक पिक्सेलचाच धूसरपणा चालवून घ्यायचा म्हटला तर उरतो एक सेंटिमीटर. अर्धा पुढं, अर्धा मागं. नाकातली नथ डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढं असते. नथीचे मोती म्हणजे पीकिंगला मेजवानी. नवरीच्या क्लोजअपमध्ये मोती लाल, भुवई लाल, मुंडावळ्या लाल, अन् डोळे गेले हे संध्याकाळी कळतं.

एकदा हे घरी करून बघाच. टेबलावर फूटपट्टी तिरकी ठेवा, दीड मीटरवरून 1.4 ला एका आकड्यावर मॅग्निफाय करून फोकस लावा, मग पूर्ण फ्रेमवर येऊन पीकिंग चालू करा. माझ्या कॅमेऱ्यावर पीकिंग मिडियमला असताना पट्टीवर पाच-सहा सेंटिमीटर लाल होते. फोटोत खरोखर टोकदार येतात त्यातले जेमतेम दीड. उरलेल्या लालीवर भरवसा ठेवून आपण लग्नं काढत असतो.

मला स्वतःला ही अद्दल तुळजापुरात घडली. मंगळवार होता, गर्दी उतरलेली. एका ओसरीवर एक आराधीण आजी परडी मांडीवर घेऊन टेकून बसल्या होत्या. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांच्या माळा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. बाहेरच्या भिंतीवरून परतून आलेला उजेड. यापेक्षा चांगलं काय हवं असतं माणसाला! परवानगी घेतली, पीकिंग लावलं, रिंग फिरवली. माळ पेटली, सुरकुत्या पेटल्या, भुवया पेटल्या. चाळीसेक फ्रेम काढल्या. आजी मधेच म्हणाल्या, "किती येळ फिरवायलास बाबा ती चकती?" मी हसलो. रात्री लॅपटॉपवर उघडलं तर कवडीच्या पोटातले दातरे एक न एक मोजता येत होते आणि डोळे लोण्यासारखे. चाळीसच्या चाळीस. पांढरी कवडी, गडद लुगडं, त्यामुळं पीकिंगची सगळ्यात जाड लाली माळेवर आणि माझी नजर त्या लालीवर. चेहऱ्यावर जी लाली दिसली ती नुसती वरवरची होती.

तांड्यावर बंजारा बायांचे फोटो काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. काचळीवरच्या भिंगांनी पीकिंग असं काही पेटतं की चेहरा शोधावा लागतो. पैठणीच्या जरीचं तेच, उन्हात चमकणाऱ्या पितळी घागरीचं तेच.

पीकिंगच्या रंगावरून लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यात काही दम नाही. एवढंच बघा की हळदीला पिवळा ठेवू नका, मळवट-कुंकवाला लाल ठेवू नका आणि पांढऱ्या फेट्याला पांढरा ठेवू नका. पीकिंगची पातळी, म्हणजे किती सहज रंग चढावा ते, कायम लो. हाय पातळी म्हणजे स्वतःची समजूत घालणं, माझ्या मते तो पर्याय कॅमेऱ्यात द्यायलाच नको होता.

आता मॅग्निफायवाल्यांचीही एक खोड काढतो, कारण तेही चुकतात. मॅग्निफायचा चौकोन मधोमध ठेवतात, डोळा मधे आणून फोकस लावतात आणि मग कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवतात. ऑटोफोकसच्या जुन्या दिवसांची सवय. दीड मीटरवर कॅमेरा 15 अंश फिरवला की फोकसची पातळी डोळ्याच्या पाच सेंटिमीटर मागं जाते. एक सेंटिमीटरचा खेळ चाललाय आणि आपण पाच घालवले! कान मात्र छान शार्प येतो. फ्रेम आधी जुळवायची आणि चौकोन सरकवून डोळ्यावर न्यायचा, कॅमेऱ्याकडं जवळ असलेल्या डोळ्यावर. जॉयस्टिक असेल तर सोपं, नसेल तर चारी बटणांनी. तेवढा वेळ लागतोच.

दुसरं, अपर्चर उघडून फोकस लावायचा आणि मग 2.8 ला बंद करून फोटो काढायचा, हेही नको. बऱ्याच फास्ट लेन्सचा, विशेषतः जुन्या बनावटीच्या, फोकस अपर्चर बंद केल्यावर थोडा सरकतो. स्फेरिकल ॲबरेशनचा, म्हणजे लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा, तो परिणाम. ज्या अपर्चरला फोटो काढायचा त्याच अपर्चरला फोकस लावा. कॉन्टॅक्ट नसलेल्या, म्हणजे कॅमेऱ्याशी विजेनं न जोडलेल्या, लेन्समध्ये तर अपर्चरची रिंग फिरवली की पाती तिथंच थांबतात, म्हणजे कॅमेरा तुम्हाला खरं तेच दाखवत असतो.

माझी पद्धत अशी. पीकिंग बंद. रिंगनं अंदाजे फोकस, चेहरा ओळखू येईपर्यंत. चौकोन डोळ्यावर, मॅग्निफाय. पापणीच्या मुळाशी बघायचं, बुबुळात दिसणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यावर नाही. तो ठिपका थोडा फोकसबाहेरही चमकतो आणि फसवतो. रिंग नेमक्या जागेच्या जरा पुढं न्यायची, मग परत आणायची. पुढं जाऊन मागं आल्याशिवाय नेमकी जागा कळत नाही. पूर्ण फ्रेमवर यायचं, श्वास सोडायचा, तीन फ्रेम सलग. तीन एवढ्यासाठी की समोरचा माणूसही श्वास घेतो, आपणही झुलतो, आणि एक सेंटिमीटर म्हणजे फार काही नव्हे. उभ्या माणसापेक्षा बसलेला बरा, बसलेल्यापेक्षा भिंतीला टेकलेला बरा.

मॅग्निफायचं बटण कस्टम करून अंगठ्याखाली घ्या. व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टर (नंबर जुळवायची चकती) आपल्या नजरेला लावून घ्या, त्यातली अक्षरं टोकदार दिसली पाहिजेत. कॉन्टॅक्ट नसलेली लेन्स असेल तर "लेन्सशिवाय शटर" चालू करा आणि स्टॅबिलायझेशनला (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीला) फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, हातानं सांगा. 58 एमएमची हेलिओस ही जुनी लेन्स लावून कॅमेऱ्यात मागच्या लेन्सचा आकडा तसाच ठेवणारे मी बघितलेत.

ऊन हा आपल्याकडचा वेगळाच विषय. मराठवाड्यातलं दुपारचं ऊन, आयएसओ 100 आणि 1.4 म्हटलं तर शटर लागतं 1/12800 च्या आसपास. बहुतेक मेकॅनिकल शटर 1/4000 नाहीतर 1/8000 ला थांबतात. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा, नाहीतर माझं ऐका आणि लिंबाच्या सावलीत या. त्या उन्हात तर ढेकळंसुद्धा पीकिंगमध्ये पेटतात.

एवढं बोलल्यावर पीकिंगला शिव्या देतोय असं वाटेल. तसं नाही. व्हिडिओ चालू असताना, माणूस चालत येत असताना, मॅग्निफाय करत बसायला वेळ नसतो. दिंडीचा फोटो अपर्चर 8 ला काढायचा असेल तर पीकिंगसारखं दुसरं सोपं काही नाही, कारण तिथं शार्प दिसणारी जाडी मीटरमध्ये असते आणि लालीतली चूक त्यात खपून जाते. 1.4 ला ती खपत नाही.

त्या आजींकडं पुढच्या मंगळवारी परत गेलो. या वेळी मॅग्निफाय, डाव्या डोळ्याच्या पापणीवर, तीन-तीन फ्रेम. डोळे असे आले की बुबुळात ओसरीची कमान दिसत होती. मागच्या स्क्रीनवर मोठा करून त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला, मग गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाल्या, "अन् माळ? आईची माळ धूसर दिसायली की रं."

5.6 ला बंद केलं, पीकिंग लावलं. डोळे लाल, माळ लाल. एकच काढला, तोच त्यांनी ठेवून घेतला.